निवृत्त साहेबांचं लेटरहेड आयुष्यभर चालत नाही

"पोलिसांच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे कायदेशीर नोटीस. साहेब रिटायर झाले तरी लेटरहेड आयुष्यभर चालतं. २४ तासांत हजर झालं नाही तर थेट अटक. जमीन, उचल, उसनवारी, सगळं या पत्रावर मिटतं. उलट तक्रार केली तर ३५३ लागतो."

बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा हा मजकूर परवा माझ्या मामांपर्यंत पोहोचला. सोबत एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्राचा फोटो होता, वर तीन सिंहांची राजमुद्रा: मुकादमाची उचल (ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने आगाऊ दिलेली रक्कम) फेडा, नाहीतर कारवाई. मामा सत्तरीला टेकलेत. ते बैल विकायला निघाले होते. असला मजकूर वाचायचीही तसदी न घेता पुढे ढकलणाऱ्यांचा मला संताप येतो.

"आयुष्यभर चालतं" हे तर धडधडीत खोटं आहे. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा केंद्राचा कायदा आहे. कागद सरकारी आहे असा समज होईल अशा रीतीने परवानगीशिवाय मुद्रा वापरायला त्याचं कलम ३ बंदी घालतं, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात "व्यक्ती" म्हणजे माजी पदाधिकारीसुद्धा, असं लिहून ठेवलंय. २००७ च्या नियमांत तर निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांचा थेट उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर मुद्रा नसली म्हणून सुटका नाही. आपण अजून पदावर आहोत असं भासवून त्या पदाच्या नावाने काही केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ लागतं: किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. साध्या कागदावर नावाखाली "निवृत्त पोलीस निरीक्षक" लिहिणं एवढ्यानेच गुन्हा होत नाही, हे मान्य. पण त्या सहीने कुणाला हजर राहायचा हुकूम देता येत नाही.

सेवेत असलेल्या साहेबांनाही ठाण्याचं लेटरहेड पाहुण्याच्या बांधाच्या भांडणासाठी वापरता येत नाही. शेताची मालकी कुणाची हे दिवाणी न्यायालय ठरवतं, मोजणी भूमी अभिलेखवाले करतात. उचलीची वसुली पोलिसांचं काम नाही. मुकादमाला फसवणूक झाली असं वाटत असेल तर त्याने रीतसर फिर्याद द्यावी, मग गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) पडेल.

२४ तासांच्या धमकीत अर्धं सत्य आहे. खऱ्या नोटिशीला दाद दिली नाही तर अटक होऊ शकते. पण ती नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली, तपास करणाऱ्या पोलिसांकडूनच येते. आणि माणूस हजर राहिला तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. साक्षीसाठी बोलवायचं असेल तर साठीपुढच्या माणसाला आणि कोणत्याही वयाच्या बाईला घराबाहेर यायची सक्ती त्याच संहितेचं कलम १७९ करू देत नाही. पोलिसांनी घरी यायचं. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला अटक करायला उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

आणि ३५३? सरकारी कामात अडथळ्याचं ते कलम जुन्या दंड संहितेतलं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना न्याय संहितेचं कलम १३२ आहे. तेही कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ला किंवा बळजबरी केली तरच. तक्रार अर्ज देणं यात बसत नाही.

असं पत्र आलं तर जावक क्रमांक, ठाण्याचा शिक्का आणि गु.र.नं. बघा, आणि ठाणे अंमलदाराला जाऊन विचारा. त्याने उडवून लावलं तर माहिती अधिकाराच्या १० रुपयांच्या अर्जावर त्या तारखेच्या जावक नोंदवहीची नक्कल मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पत्राची नोंद त्यात नसेल तर ती नक्कल पोलीस अधीक्षकांकडच्या तक्रारीला जोडा.