ओरखडे आणि तपकिरी डाग: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपण एकच तारा देऊन लिहिलंत, की आम्ही घड्याळाला ‘हलकं’, म्हणजे कमी प्रतीचं, ३१६एल स्टील वापरलं, ९०४एल (स्टेनलेस स्टीलचाच दुसरा प्रकार) असतं तर केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर, ओरखडे पडले नसते, आणि आता मागच्या झाकणाच्या कडेला तपकिरी डागही आलेत. हौसेनं घेतलेलं घड्याळ असं दिसू लागलं की वाईट वाटणारच. पण ओरखडे आणि डाग यांची कारणं वेगळी आहेत.

ओरखड्यांच्या बाबतीत ९०४एल घेऊनही आपल्याला फरक जाणवला नसता. दोन्ही स्टीलं जवळपास सारखीच मऊ, कठीणपणा मोजायच्या विकर्स मापात साधारण १५० ते २००. धुळीतला वाळूचा कण त्याच मापात हजाराच्या आसपास. मनगट टेबलावर नुसतं घासलं तरी मधला कण रेघ ओढून जातो. हे टाळायचं तर केसचा पृष्ठभाग वेगळ्या प्रक्रियेनं कठीण करावा लागतो. आम्ही तो मुद्दाम करत नाही, कारण त्या थरावर खोल चरा पडला तर पुन्हा पॉलिश करणं अवघड. आपल्या केसचं ब्रश फिनिश, म्हणजे बारीक रेघांची झळाळी, मात्र पुन्हा आणता येते.

९०४एल सरस आहे ते गंजाच्या बाबतीत, आणि ते मी मोकळेपणानं मान्य करतो. गंज रोखणारे घटक त्यात जास्त: ३१६एलमध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के, मॉलिब्डेनम २ ते ३. ९०४एलमध्ये क्रोमियम १९ ते २३, मॉलिब्डेनम ४ ते ५, वर थोडं तांबंही. रोलेक्सनं १९८५ साली ते घड्याळात आणलं. पण रोजच्या वापराला, घाम-पाणी पुसलं जात असेल तर, ३१६एल पुरतं, असं माझं ठाम मत आहे. ‘हलकं’ म्हणावं ते ३०४, ज्यात मॉलिब्डेनम नसतं. ते आम्ही केसला वापरत नाही.

डागांचं मी जास्त मनावर घेतलंय. झाकण आणि केसच्या फटीत घाम साचतो, तिथे हवा पोचत नाही, आणि मिठातलं क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक थर फोडू शकतं. कधी तो नुसता घाम-धुळीचा थरही असतो. झाकण उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून घड्याळ आमच्याकडे पाठवा, येण्याजाण्याचा खर्च आमचा. साफ करून गॅस्केट (पाणी अडवणारी झाकणाखालची कडी) बदलून देऊ, स्टीलला खड्डे पडलेले दिसले तर केसच बदलू. तोवर डाग टाचणीनं खरवडू नका आणि ब्लीच अजिबात लावू नका.