तोंडावर बारा

कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचं वेळापत्रक ज्यानं आखलं, त्याचं कॅमेऱ्याशी जुनं वैर असावं असा मला दाट संशय आहे. जहाज रात्रभर चालतं, सकाळी कवरत्ती, कल्पेनी किंवा मिनिकॉयच्या बाहेर खोल पाण्यात थांबतं, छोट्या बोटींतून माणसं बेटावर सोडतं आणि दिवस मावळायच्या आत गोळा करून परत आणतं. म्हणजे कोवळं ऊन जहाजावर, रणरणतं ऊन बेटावर. त्यात लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं उथळ पाणी, बेटांच्या पश्चिमेला. सूर्य त्या पाण्यात उतरायला निघतो, तेव्हा आपण डेकवर चहाच्या रांगेत.

मिनिकॉय साधारण ८ अंश उत्तरेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, तोही घड्याळात साडेबारा उलटल्यावर. तेव्हा काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी खोबणी आणि नाकाखाली सावलीची मिशी. बायकांनाही. तोंडावर बारा वाजणं म्हणजे काय, ते इथे पुराव्यानिशी मिळतं.

पण पाण्याला मात्र हेच ऊन हवं असतं. लगूनचा तो हिरवट निळा रंग पांढऱ्या वाळूच्या तळावरून परत आलेल्या उजेडाचा आहे. सूर्य कलला की पाणी नुसतं चकाकतं. म्हणून दहा ते दोन पाण्याचे फोटो. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी अडवणारी फिरती काच) लावा आणि चकाकी जाईपर्यंत फिरवा (उजेड जवळपास एक तृतीयांशावर येतो, पण तिथे उजेडाचा दुष्काळ नाही). मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवावी. बघणारे हसतील. मिनिकॉयच्या १८८५ सालच्या दीपगृहावर चढू देत असतील तर गुडघ्यांचं ऐकू नका. पाण्याकडे उंचावरून पाहिलं की चकाकी आपोआप कमी होते.

माणसांना मात्र सावलीत ओढा. माडाखाली नको. झावळ्यांतून पडणाऱ्या कवडशांनी अख्खं कुटुंब बिबट्यांचं दिसतं. होड्यांच्या शेडची किंवा भिंतीची सलग सावली शोधा, तिच्या कडेपासून हातभर आत उभं करा, तोंड उन्हातल्या वाळूकडे. स्टुडिओत जो पांढरा पत्रा उजेड फेकायला लावतात, तो इथे किनाराभर फुकट पसरलेला असतो. फ्रेममध्ये वाळूच वाळू असेल, तर कॅमेरा तिला करडी समजून फोटो काळवंडवतो; एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१ करा.

खरा छळ आधीच सुरू झालेला असतो, केबिनच्या दारात. एसीत गार झालेली लेन्स डेकच्या दमट हवेत आली की धुकं धरते. पुसलं की पुन्हा धरते, कारण काच गारच असते. बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर अर्धा तास पिशवीला हात लावू नका. सहप्रवासी डॉल्फिन दिसल्याचं ओरडले तरी नाही. मोबाइलच्या पारदर्शक पाउचचंही तेच: बाहेरच्या दमट हवेत नव्हे, एसीच्या कोरड्या हवेतच बंद करा. पाण्यात स्क्रीन बोटाला दाद देत नाही, म्हणून आवाजाच्या बटणानं क्लिक करायची सवय घरीच लावून घ्या.

छोट्या बोटीत खारे तुषार लेन्सवर येतात, आणि कुणीतरी प्रेमानं ओढणीचं टोक पुढे करतं. मिठाचे कण म्हणजे पॉलिशपेपर! आधी ब्लोअरनं फुंका, मग पिण्याच्या पाण्यात किंचित ओलं केलेलं मऊ कापड, मग कोरडं. काचेच्या तळाच्या बोटीत मोबाइल काचेला टेकवून काळ्या रुमालानं कडा झाका, नाहीतर प्रवाळाच्या जागी आपलंच कपाळ येतं.

राहिला सूर्यास्त. ट्रायपॉड आणलात? इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते, तेव्हा तो केबिनमध्ये टॉवेल वाळत घालायला उत्तम. कॅमेरा हातात धरा, कोपर अंगाशी, कठड्याला टेकू नका; शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा मंद नको, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. स्क्रीनवर ग्रिडच्या रेषा चालू ठेवा. जहाज डुलत असतं, आपणही डुलत असतो, आणि घरी येऊन बघावं तर अख्खा अरबी समुद्र डाव्या कोपऱ्यातून सांडत असतो.