‘एक्स्ट्रा इंडेक्स लावा आणि मोकळे व्हा’ म्हणे!

“रिपॉझिटरी मॅनेजर म्हणजे नुसता खर्च. जार गिटमध्ये टाका, बाकीचं पब्लिक रजिस्ट्रीवरून ओढा, घरची पायथन पॅकेजेस एक्स्ट्रा इंडेक्सवर ठेवा. फारच हौस असेल तर नेक्सस बसवा, फुकट आहे, पुन्हा बघायला नको.” रिपॉझिटरी मॅनेजर म्हणजे आपली आणि बाहेरची पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) साठवून पुरवणारा आपला सर्व्हर, नेक्सस हा त्यातलाच एक. जार म्हणजे जावाची पॅकेज फाइल, पब्लिक रजिस्ट्री म्हणजे सगळ्यांना खुला पॅकेजसाठा, पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल आणि इंडेक्स म्हणजे ते जिथे पॅकेज शोधतं तो पत्ता. हा फॉरवर्ड आता टीममधल्या नव्या पोरांनी खरा मानून पिपच्या कॉन्फिगमध्ये उतरवलाय, म्हणून लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक सल्ला एक्स्ट्रा इंडेक्सचा. पिप आधी आपला सर्व्हर बघतो आणि तिथे नसेल तरच बाहेर जातो, ही समजूत साफ चूक. एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल दिलं की त्याला दोन्ही इंडेक्स सारखेच. ज्याची व्हर्जन मोठी, ते तो उचलतो. तुमचं पॅकेज १.४ वर आहे आणि कुणी पायपीआयवर (पायथनच्या पब्लिक रजिस्ट्रीवर) त्याच नावाचं ९९.० चढवलं, तर बिल्ड मशीनवर (जिथे कोडपासून सॉफ्टवेअर तयार होतं) बाहेरचंच येणार, आणि सोर्स पॅकेज असेल तर त्याचा सेटअप कोड इन्स्टॉल होतानाच चालणार. सुरक्षा-संशोधक अॅलेक्स बिरसान याने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे जाहीर केलं, तोवर ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपालसह ३५ हून जास्त संस्थांमध्ये ही खोड सापडली होती. ‘आमची नावं बाहेर कुणाला ठाऊक?’ बिरसानला ती उघड्यावर पडलेल्या पॅकेज-जेसन फायलींतच (जावास्क्रिप्ट प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) मिळाली.

पिपला इंडेक्स-यूआरएल एकच द्या, रिपॉझिटरी मॅनेजरचं. तेवढ्याने भागत नाही. होस्टेड (आपली पॅकेजेस ठेवणारी) आणि प्रॉक्सी (बाहेरची आणून देणारी) रिपॉझिटरी एका ग्रुपमध्ये घातल्या आणि ग्रुपने दोन्ही याद्या एकत्र करून दिल्या, की निवड पुन्हा मोठ्या व्हर्जनचीच. म्हणून प्रॉक्सीवर राउटिंग रूल लावून आतली नावं अडवा. सगळ्या नावांना एकच उपसर्ग असेल तर एक रेजेक्स (नावं ओळखणारा नमुना) पुरतो. एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टच्या पॅकेजेससाठी) स्कोप, म्हणजे पॅकेजच्या नावाआधी लागणारं आपलं नाव, घ्या, पब्लिक रजिस्ट्रीवरही तो आपल्या नावे करून ठेवा.

जार गिटमध्ये? दर व्हर्जनची पूर्ण फाइल इतिहासात बसते, नंतर डिलीट केली तरी क्लोन हलका होत नाही. गिटहब तर १०० एमबीवरची फाइल घेतच नाही.

‘पब्लिक रजिस्ट्री कायमची असते’ म्हणता? मग हेही ऐकून घ्या. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभर बिल्ड कोसळले. मे २०२१ मध्ये बिनट्रे ही पॅकेज वाटणारी सेवा बंदच झाली.

नेक्ससच्या फुकट आवृत्तीला आता कंपोनंट (साठवलेली पॅकेजेस) आणि रोजच्या रिक्वेस्टची मर्यादा आहे. शिवाय ‘बघायला नको’ म्हणणाऱ्याची डिस्क भरते. क्लीनअप पॉलिसी फायलींवर फक्त खूण करते. जागा ‘कॉम्पॅक्ट ब्लॉब स्टोअर’ टास्क चालवल्यावरच सुटते (ब्लॉब स्टोअर म्हणजे प्रत्यक्ष फायलींचा साठा). बॅकअपही डेटाबेस आणि ब्लॉब स्टोअरचा एकाच वेळचा हवा, नाहीतर रिस्टोअर केल्यावर एकाला दुसरा सापडत नाही.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: चारच जण, एकच भाषा, कोड गिटलॅबवर, तर त्याची पॅकेज रजिस्ट्री पुरते, वेगळा सर्व्हर नको. पण तिथेही इंडेक्स-यूआरएलच लिहा. आणि आतलं पॅकेज तिथून पुसू नका, कारण न सापडलेली रिक्वेस्ट गिटलॅब आपणहून पायपीआयकडे पाठवतो.