‘बॉन्ड नसलेलं बॉन्डचं पुस्तक विकलं’ या तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री शटर ओढताना वाचला. एक तारा दिलात त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते वडिलांबद्दलचं वाक्य. साठ पानं त्यांनी बॉन्डची वाट पाहिली आणि मग चष्मा काढून पुस्तक मिटून ठेवलं. वाढदिवसाला लेकीनं दिलेल्या पुस्तकाचं असं होऊ नये.

इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्या गंजगोलाईजवळच्या दुकानातून किम शेरवुड यांची ‘डबल ऑर नथिंग’ ही इंग्रजी कादंबरी घेतली. काउंटरवरच्या मुलाला त्यांनी विचारलं, “बॉन्डचंच आहे ना?” तो म्हणाला, “हो, नवीन आलंय.” घरी गेल्यावर कळलं की जेम्स बॉन्ड त्यात बेपत्ता आहे आणि कथा दुसऱ्याच तीन हेरांची आहे. त्या परत द्यायला आल्या तेव्हा आमच्याकडून त्यांना बिलावरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दाखवली गेली. त्यांचे आक्षेप तीन आहेत. फसवून विकलं, परत घेतलं नाही, आणि मूळ लेखक जाऊन साठ वर्षं होऊन गेल्यावर त्याच्या मालिकेत परक्यांनी नवे हेर घुसवणं म्हणजे संत एकनाथांनी सांगितलेली अमृताच्या ताटातली नरोटी, नारळाची रिकामी करवंटी.

पहिले दोन मला पूर्ण मान्य आहेत. त्या फळीवर मी स्वतः स्केच पेननं ‘जेम्स बॉन्ड’ अशी पट्टी लिहून चिकटवली होती आणि खाली बॉन्डचे मूळ लेखक इयान फ्लेमिंग यांच्या जुन्या प्रतींशेजारीच हे पुस्तक उभं केलं होतं. मुलानं पट्टी वाचून उत्तर दिलं, त्याचा दोष नाही. मलपृष्ठावर पहिल्याच ओळीत बॉन्ड बेपत्ता असल्याचं छापलेलं आहे, हे खरं. पण भेट म्हणून आम्ही ते खाकी कागदात बांधून, वर सुतळी मारून दिलं. तुम्ही मलपृष्ठ कधी पाहणार? नीट-जेईईच्या गाइडांची झुंबड होती, हेही कारण होऊ शकत नाही. गाइड घेणाऱ्याला आवृत्ती कोणती ते आम्ही नीट सांगतो, मग कादंबरी घेणाऱ्यालाही सांगायला हवं होतं. मी तुमची आणि तुमच्या वडिलांची मनापासून माफी मागतो.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मात्र मला बोलावंसं वाटतं. तुम्ही नाथांचं नाव घेतलंत, म्हणून नाथांपासूनच सुरू करतो. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, लोकांनी मध्येच घातलेले पाठ काढले, आणि यापुढं कुणी आपली ओवी तिच्यात मिसळू नये म्हणून ती नरोटीची ओवी लिहिली. ती कडक ताकीद मूळ ग्रंथात भेसळ करणाऱ्याला होती. पण त्याच नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायाशी थांबलं आणि पुढचं पूर्ण केलं गावबानं. पुरणपोळीच्या ओढीनं पैठणच्या त्या वाड्यात राहिलेला म्हणून ज्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, तोच गावबा. त्याला कुणी नरोटी म्हटलं नाही. मधे घुसणं वेगळं आणि पुढं चालवणं वेगळं. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

इयान फ्लेमिंग १२ ऑगस्ट १९६४ ला गेले. १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह एवढा त्यांचा बॉन्ड. १९६८ मध्येच किंग्सले एमिस यांनी रॉबर्ट मार्कहॅम या नावानं पुढची कादंबरी लिहिली. १९८१ पासून जॉन गार्डनर यांनी १४ लिहिल्या, शिवाय सिनेमांवरून केलेल्या २. मग रेमंड बेन्सन, सेबॅस्टियन फॉक्स, जेफ्री डीव्हर, विल्यम बॉइड, अँथनी हॉरोविट्झ. तुमच्या वडिलांनी आमच्या वडिलांच्या वेळी भाड्यानं नेलेल्या बॉन्डमध्ये गार्डनर नक्की असणार, कारण फ्लेमिंगपेक्षा गार्डनरच्याच प्रती आमच्याकडं जास्त होत्या. ते सगळे बॉन्डलाच घेऊन लिहीत राहिले. शेरवुड यांनी २०२२ मध्ये वेगळं केलं. बॉन्डला गायब केलं आणि ‘डबल ओ’ विभागातली, म्हणजे ००नं सुरू होणारे क्रमांक असलेल्या हेरांपैकी, बाकीची माणसं पुढं आणली.

आता ही युक्ती परकी आहे का, ते पाहू. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ ही फ्लेमिंग यांच्या हयातीत आलेली शेवटची कादंबरी. तिच्या शेवटाकडं बॉन्ड बेपत्ता होतो, मेला असं धरून ‘टाइम्स’मध्ये त्याचा मृत्युलेख छापून येतो, आणि तो जपानमध्ये स्मृती हरवून कोळ्याचं आयुष्य जगत असतो. म्हणजे बॉन्ड हरवण्याची वाट खुद्द त्याच्या निर्मात्यानंच पाडलेली आहे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ उघडा. पहिली दहा प्रकरणं शत्रूचीच, बॉन्ड येतो अकराव्यात. ‘द स्पाय हू लव्ड मी’ तर एका तरुणीनं स्वतःच्या तोंडून सांगितलेली कथा आहे आणि बॉन्ड तिच्यात फार उशिरा दार वाजवतो. (ती तेव्हाच्या वाचकांनाही रुचली नव्हती, हेही सांगतो.) आणि ‘मूनरेकर’मध्ये ऑफिसात बसलेला बॉन्ड ००८ आणि ००११ यांचा विचार करतो. हे दोघं कोण, कसे दिसतात, घरी कोण असतं, हे फ्लेमिंग यांनी फारसं सांगितलं नाही. ती रिकामी टेबलं १९५५ पासून तशीच होती. शेरवुड यांनी तिथं माणसं बसवली.

कोण माणसं? जोहाना हारवुड, ००३, आधीची डॉक्टर, म्हणजे जीव वाचवण्याचं शिक्षण घेऊन जीव घेण्याच्या कामावर आलेली. जोसेफ ड्रायडन, ००४, फौजेतून आलेला, एका कानानं ऐकू न येणारा. सिद बशीर, ००९. फ्लेमिंगच्या पुस्तकांत साहेबांची सेक्रेटरी असलेली मनीपेनी आता या विभागाची प्रमुख आहे. मी हे पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या वडिलांसारखाच दर प्रकरणाला बॉन्ड शोधत होतो. दुसऱ्यांदा लक्षात आलं की ती माणसंही तेच करतायत. हारवुडचं त्याच्यावर प्रेम होतं, बशीरला त्याची बरोबरी करायची होती, आणि तो नसलेल्या खोलीत सगळे त्याच्याबद्दलच गप्प बसतात. घरातला कर्ता माणूस न सांगता गेला की मागची माणसं कशी वागतात ते आपण पाहिलेलं असतं. मला तो सारा भाग फार खरा वाटला. पुस्तकात उणं आहे. काळ मागंपुढं उड्या मारतो, पात्रांची गर्दी होते, आणि हेरांना हत्यारं-उपकरणं पुरवणारा ‘क्यू’ म्हणजे आता माणूस नसून क्वांटम संगणक, हे मला अजून पचलेलं नाही.

नरोटी कुठं पडली म्हणाल तर ती दुसरीकडं. २०२३ मध्ये फ्लेमिंग यांच्याच कादंबऱ्या काही वांशिक शब्द बदलून, गाळून पुन्हा छापल्या गेल्या. ते शब्द वाईट होते, यात वाद नाही. पण मेलेल्या लेखकाच्या ओळीत हात घालणं मला पटत नाही. प्रस्तावनेत सांगा, तळटीप द्या, ओळ तशीच ठेवा. म्हणून जुन्या छपाईच्या प्रती मिळतील तिथून आणून ठेवतो. त्या मुद्द्यावर तुम्ही एक तारा दिला असतात तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

माझ्या वडिलांनी हे दुकान भाड्याच्या रहस्यकादंबऱ्यांवर सुरू केलं. अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, शिरवळकरांचा दारा बुलंद. पुठ्ठा शिवलेल्या, पहिल्या पानावर निळा शिक्का, शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुनी कोण ते लिहून ठेवलेलं. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले. आज माझ्याकडं झुंजार मागायला येणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत. वीस वर्षांचं पोरगं ते नाव घेऊन कधीच येत नाही. इंग्रजीत मात्र वीस वर्षांची मुलगी हारवुडसाठी येते आणि तिच्यामागून फ्लेमिंगकडं जाते, हे मी माझ्याच काउंटरवर पाहिलंय. उद्या लातूरच्या एखाद्या पोरीनं, रीतसर परवानगी घेऊन, झुंजारच्या पुढच्या पिढीची कथा लिहिली तर ती मी दर्शनी फळीवर ठेवीन.

आता कामाचं. पुस्तक कधीही घेऊन या, बिल नसलं तरी चालेल, पूर्ण पैसे परत मिळतील. खाकी कागद फाटलाय, पान दुमडलंय, असं काही कुणी म्हणणार नाही. बिलावरची ती ओळ कथा-कादंबऱ्यांपुरती काढून टाकली आहे, सात दिवसांत बदलून देऊ. फळीवरची पट्टीही बदलली. ‘फ्लेमिंगचा बॉन्ड’, ‘इतरांनी लिहिलेला बॉन्ड’ आणि ‘बॉन्डच्या जगातले इतर हेर’ अशा तीन पट्ट्या आता आहेत, आणि भेट बांधण्याआधी मलपृष्ठ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं असं मुलाला सांगितलंय.

सरांसाठी, म्हणजे तुमच्या वडिलांसाठी, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ची एक जुनी प्रत बाजूला काढून ठेवली आहे. तिचे पैसे नकोत. त्यांनी ती आधी वाचावी, आणि मग मन झालं तर ‘डबल ऑर नथिंग’चं एकसष्टावं पान उघडावं. नाही झालं तर दोन्ही पुस्तकं माझ्याकडं परत पाठवा. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, रविवारी दुपारपर्यंत. सरांना सोबत आणलंत तर मला फार आनंद होईल. त्यांचं जुनं वाचनालयाचं कार्ड वडिलांच्या पेटीत सापडतंय का, ते शोधतोय.