नव्या खासदारसाहेबांसाठी हिताच्या चार गोष्टी

साहेब, गुलाल धुऊन झाला असेल तर ऐका. दिल्लीत बस्तान बसता बसता तुमचं नाव खात्यांचा कारभार तपासणाऱ्या एखाद्या संसदीय स्थायी समितीवर लागेल. हुरळून जाऊ नका. अशा समित्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. म्हणजे खुर्च्या झाल्या ७४४. मंत्र्यांना तिथे बसता येत नाही, तेव्हा उरलेल्यांपैकी जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला एक येतेच. फ्लेक्स मात्र त्याच संध्याकाळी लागला पाहिजे: ‘जलसंपदा समितीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून भाच्याचा फोटो, तुमच्यापेक्षा किंचित लहान.

आता बैठकीला जायचं का? शक्यतो नाही. बैठक बंद दाराआड. कॅमेरा नाही, बाकं वाजवायला कुणी नाही, ओरडून उपयोग नाही. समोर खात्याचे सचिव, त्यांच्यामागे फायली छातीशी धरलेले तीन-चार अधिकारी, टेबलावर काजूची बशी. आणि अहवाल वाचून येणारा एखादा नतद्रष्ट सदस्य असतोच. तो विचारतो, ‘गेल्या वर्षी एवढे पैसे दिले, ते मार्चपर्यंत खर्च का नाही झाले?’ सचिव घसा खाकरतात, मागे वळून बघतात. मागून एक चिठ्ठी पुढे येते. ती वाचून सचिव म्हणतात, ‘सर, लेखी उत्तर पाठवतो.’ त्या खोलीत पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, चालत नाही, म्हणजे स्वतःचं डोकं चालवावं लागतं. अशा सवयी पुढे तिकिटाच्या वेळी नडतात.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या याच समित्या तपासतात. सभागृहात मोजक्याच खात्यांवर चर्चा होते. बाकीच्यांचे कोट्यवधी रुपये गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना, एका दमात मंजूर. तेव्हा तुम्ही फक्त जागे असा.

विधेयकांचा ताप तर सरकारनेच कमी करत आणलाय. १५व्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत जेमतेम १६. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे वेगळं सांगायला नको. अहवाल पटलावर ठेवतात. पटल भक्कम आहे, काळजी नसावी.

खरं करिअर शून्य प्रहरात, सभागृहात तातडीचे विषय मांडतात त्या वेळेत. दोन मिनिटं मिळतात. मुद्दा नंतर, आधी शेर. क्लिप गावात पोचेपर्यंत अध्यक्षांनी माइक दुसऱ्याला दिलेला असतो, पण तेवढं कापता येतं. शिवाय वर्षाला ५ कोटींचा खासदार निधी आहेच. हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, आणि प्रत्येकावर नाव. अहवालावर तुमचं नाव छापून येतं तेसुद्धा ३१ जणांच्या यादीत, बारीक अक्षरात. हायमास्टखाली रात्रीही वाचता येतं.

बैठकीच्याच दिवशी तालुक्यात लग्न असेल तर निर्णय सोपा. मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबा. अक्षता झटकत एखादा म्हातारा जवळ येईल आणि विचारेल, ‘साहेब, आमच्या कालव्याच्या पाण्याचं काय झालं?’

त्याच्या खांद्यावर हात ठेवा. सांगा, ‘बाबा, विषय समितीपुढे आहे.’ घड्याळात बघा. साडेअकरा वाजलेत, बैठक सुरू झाली असेल.