शेरा : पाण्याचा स्रोत नमूद नाही

यादी मी निळ्या शाईत दिली होती. परत आली ती हिरव्या शाईत, पट्टीने रकाने आखून आणि खाली आडवी सही ठोकून.

हिरवी शाई म्हणजे राजपत्रित अधिकारी. निवृत्त होताना खुर्ची, शिपाई आणि जीप काढून घेतात, पण पेन कुणी काढून घेत नाही. आमच्या सोलापुरातल्या बिल्डिंगमधले काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांचा भाचा परदेशात असतो आणि गोल्फ खेळतो. ‘अलीकडे उघडलेली चांगली गोल्फ मैदानं कुठली, त्याला जरा लिहून द्या, तुम्हाला त्यातलं कळतं,’ असं काकांनीच सांगितलं होतं. मी नाव, देश, साल, आखणी कुणाची आणि खेळताना काय सांभाळायचं असं सगळं मांडून दिलं. कौतुक होईल असं वाटलं होतं. हाती आला तो ताळेबंद. माझ्या पाच रकान्यांच्या उजवीकडे त्यांनी आणखी चार आखले होते : पाण्याचा स्रोत, भिजणारे क्षेत्र, आवर्तने, शेरा. आठही मैदानांपुढे शेरा एकच होता. ‘पाण्याचा स्रोत नमूद नाही. फेरसादर करावे.’

फेरसादर! मी काय त्यांच्या हाताखालचा शाखा अभियंता आहे?

जाब विचारायला खाली गेलो, तर काका हौदाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टँकर रिकामा होताना बघत होते. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे टँकर बघणं हाही करमणुकीचाच प्रकार आहे. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

‘‘बसा. एका होलला पाणी किती लागतं ओ?’’

‘‘होलला पाणी नसतं काका. होल म्हणजे सव्वाचार इंचाचं भोक.’’

‘‘तसली भोकं किती?’’

‘‘अठरा.’’

‘‘आणि जमीन?’’

‘‘दीडशे एकरांच्या आसपास.’’

‘‘अठरा भोकांना दीडशे एकर,’’ काका स्वतःशीच म्हणाले, आणि भूसंपादनात मुरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो तो संशय त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. ‘‘भिजतं किती?’’

‘‘तीस हेक्टर धरा.’’

‘‘एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे किती लिटर?’’

हे मला ठाऊक होतं. दहा हजार. म्हटलं, ‘‘दहा हजार.’’

‘‘म्हणजे हा.’’ त्यांनी पेनने समोरच्या टँकरकडे बोट केलं. ‘‘उन्हाळ्यात गवताला रोज पाच मिलिमीटर धरा. आपल्याकडे पाचही कमीच पडतील, पण धरा. तीस पंचे दीडशे. रोज दीडशे टँकर.’’

पाइप धरून उभा असलेला टँकरवाला इतका वेळ मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली. ‘‘कुठं पाठवायचे, सायेब?’’

‘‘न्यूझीलंडला,’’ काका म्हणाले.

‘‘भाडं बघावं लागेल,’’ तो म्हणाला. थट्टा करत होता की खरंच हिशोब करत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

आता यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की प्रश्न बरोबर होता. दरवर्षी जगभरातल्या गोल्फच्या मासिकांत ‘नवी सर्वोत्तम मैदानं’ अशा याद्या येतात. त्यांत समुद्र असतो, सूर्यास्त असतो, क्लब हाउसमधलं जेवण असतं. खाली माती कुठली आहे, हे शोधावं लागतं. आणि नव्या मैदानांचं निम्मं यश तिथेच ठरतं. खाली वाळू असेल तर पाऊस पडला तरी अर्ध्या तासात पाणी निथळतं, जमीन टणक राहते आणि चेंडू घरंगळतो. सगळा खेळ त्या घरंगळण्यात आहे. म्हणून आजचे नावाजलेले आखणीकार आधी वाळू शोधतात आणि मग होल.

तेव्हा फेरसादर करतो.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला ते अराई. तिथली दोन मैदानं : दक्षिणेकडचं 2022 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेलं, उत्तरेकडचं 2023 मध्ये टॉम डोक यांनी. किनाऱ्यावरच्या वाळूवर पाइनची लागवड होती, तिथेच ती उभी राहिली. पहिलं समुद्राला चिकटून जातं, दुसरं बरंचसं झाडांतून. एकच खेळता येणार असेल तर दक्षिणेकडचं. मात्र वारा ताशी दहा मैलांनी समोरून वाढला की एक क्लब (मारायची काठी) मोठा, म्हणजे लांब पल्ल्याचा घ्यायचा, हा ढोबळ हिशोब तिथे विसरू नका.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टचं दहा नंबरचं मैदान एप्रिल 2024 मध्ये उघडलं. तेही डोक यांचंच. जागा जुन्या वाळूच्या खाणीची, त्यामुळे काही होल चक्क खाणीच्या ढिगाऱ्यांतून जातात. काकांना मी याच गावचा दोन नंबरचा किस्सा सांगितला. 2011 मध्ये कूर-क्रेनशॉंनी त्याची डागडुजी केली तेव्हा कडेचं पोसलेलं गवत काढून उघडी वाळू आणि रानगवत परत आणलं, आणि पाण्याची तोटीमुखं 1,150 वरून 450 वर आणली. 2014 मध्ये तिथे गोल्फची यू.एस. ओपन स्पर्धा झाली तेव्हा कडेचं तपकिरी गवत टीव्हीवर बघून लोकांनी नाकं मुरडली. काकांनी पेनचं टोपण काढलं, ‘सातशे बंद’ असं समासात लिहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं बघितलं.

विस्कॉन्सिनच्या सँड व्हॅलीत नावातच वाळू आहे. तिथलं लिडो 2023 चं. याचं मूळ मैदान न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर होतं, चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी आखलेलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नाहीसं झालं. जुन्या छायाचित्रांवरून संगणकात नकाशा बांधून ते इथे परत उभं केलं. शेजारचं सेज व्हॅली 2024 चं, पार, म्हणजे ठरवून दिलेले एकूण फटके, फक्त 68. लांब मारणाऱ्यांना ते पोरखेळ वाटतं आणि मग तेच लोक छोट्या होलवर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) खातात.

सेंट लुशिया बेटावरचं पॉइंट हार्डी डिसेंबर 2023 चं. समुद्रावरच्या कड्यांवरून मारायचं असतं, तेव्हा चेंडू डझनाने न्या. स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळचं ओल्ड पेटी 2025 चं. पाऊस तिथे आपणहून येतो, म्हणून काकांनी ते एकटं मंजूर केलं.

आठवं नेब्रास्कातलं लँडमंड, 2022 चं, रॉब कॉलिन्स आणि टॅड किंग यांचं. इथे वाळू नाही, वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीच्या टेकड्या आहेत. ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) इतके अवाढव्य, की चेंडू ग्रीनवर पोचला म्हणून हुरळून जाऊ नये. पुढे पन्नास-साठ फुटांचा पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) बाकी असू शकतो. जायच्या आधी लांब पटचा सराव करा, सर्वात लांब मारणाऱ्या ड्रायव्हर क्लबचा नव्हे.

‘‘ठिबक का लावत नाहीत?’’ काकांनी मध्येच विचारलं. सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही संभाषणात कधी ना कधी ठिबक येतंच.

लावतात, पण ग्रीनखाली पंचाईत होते. होलची जागा सारखी बदलतात आणि दर वेळी निदान चार इंच खोल भोक पाडतात. शिवाय जमीन मोकळी राहावी म्हणून पोकळ दातांच्या यंत्राने तीन-चार इंच खोलीची हजारो भोकं पाडून वाळू भरतात. नळी वर असेल तर फुटते. खोल घातली तर आखूड मुळांना पाणी पोचत नाही, कारण ग्रीनचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं आणि जितकं आखूड कापाल तितकी मुळं वर येतात. म्हणून ग्रीनखाली थरच वेगळा करतात : चार इंच खडी, तिच्यावर बारा इंच वाळूचं मिश्रण. वाळूचा थर पाणी गरजेपुरतं धरून ठेवतो, जास्तीचं खडीत सोडतो.

‘‘म्हणजे गाळणी,’’ काका म्हणाले. ‘‘आणि आपल्या काळ्या रानात?’’

काळ्या रानात रडगाणं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चेंडू भेगेत गेला तर मैदानाच्या स्थानिक नियमात सूट असेल तरच दंड नाही, आणि तीही सापडला तर ना. त्यावर उपाय म्हणजे वरून निदान सहा ते दहा इंच वाळूचा थर पसरायचा. तीस हेक्टरवर. या जिल्ह्यात तेवढी वाळू उचलायला निघालेला माणूस गोल्फ खेळायला बाहेर राहील असं वाटत नाही.

त्यापेक्षा मुरमाड माळ बरा. आणि ग्रीनऐवजी ब्राउन. हा प्रकार आपल्याकडच्या छावण्यांमध्ये पूर्वीपासून आहे : वाळूत तेल मिसळून दाबायची, एका गटाचं खेळून झालं की लाकडी फळीने किंवा लोखंडी दांड्याने पृष्ठभाग सपाट ओढायचा, आणि पाणी शून्य. गवताचे ग्रीन भिजवायचे म्हटले तरी अठरा ग्रीन मिळून हेक्टरभर भरतात, म्हणजे रोज पाच टँकर. दीडशेवरून पाच, पाचावरून शून्य. काकांचा चेहरा उजळला. मला मात्र भलतंच दुःख झालं, कारण 1829 पासून कोलकात्यात गोल्फ क्लब असलेल्या देशात मला एक डाव खेळायला अडीचशे किलोमीटर तुडवत पुण्याला जावं लागतं, आणि तिथल्या पाहुण्याच्या फीबद्दल मी सणासुदीला बोलत नाही.

‘‘गुण कसे मोजतात?’’

मी पार समजावला. पारपेक्षा कमी फटके म्हणजे वजा.

‘‘वजा चांगलं?’’

‘‘जितकं वजा तितकं चांगलं.’’

काका बराच वेळ गप्प बसले. ज्या गावात उजनी धरण वजा झालं की घरोघर बादल्या मोजतात, तिथे वजावर टाळ्या वाजवणाऱ्या खेळाचं काय करायचं, हे त्यांच्या हिरव्या शाईला सुचेना.

भाच्यासाठी उरलेल्या सूचना कागदाच्या पाठीमागे लिहिल्या, तिथे रकाने नव्हते. मैदान नवं असेल तर पहिल्या वर्षी ग्रीन कडक भाकरीसारखे टणक असतात, कारण गवताच्या मुळांचा आणि पाल्यापाचोळ्याचा मऊ थर अजून तयार झालेला नसतो. थेट झेंड्यावर मारलं तर चेंडू टप्पा घेऊन ग्रीनच्या पलीकडे पळतो. दहा-पंधरा यार्ड अलीकडे टाकायचा आणि घरंगळू द्यायचा. नव्या बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यातली) वाळू दबलेली नसते, चेंडू अर्धा रुततो. तिथे वेजचं (तिरक्या तोंडाच्या आखूड क्लबचं) तोंड उघडायचं नाही, सरळ ठेवायचं आणि चेंडूमागे वाळूत उभा घाव घालायचा. टणक, आखूड गवतावर तळ फुगीर असलेली वेज जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या मधोमध बसते, चेंडू ग्रीनपलीकडे. चार ते सहा अंश बाउन्सची, म्हणजे कमी फुगीर तळाची वेज न्यावी. ती नसेल तर ग्रीनच्या बाहेरूनच पटर वापरावा, दिसायला बावळट पण फटके वाचतात. चौदा क्लबच्या वर पिशवीत काही नको, दंड बसतो. बुकिंग करण्याआधी दोनच प्रश्न विचारा : गवत धरून किती महिने झाले, आणि चालत खेळायचं की गाडी मिळते. ‘उघडलं’ असं म्हणून नऊच होल चालू असतात आणि फी अठराची लावतात, असंही होतं.

आणि टॉवेल इथून न्या. गोल्फच्या दुकानात कोपऱ्याला पितळी कडी लावलेला हातभर टॉवेल ज्या भावाला देतात, त्या भावात इथे अर्ध्या बिल्डिंगचे टर्किश टॉवेल होतील. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणलेलं कापड परदेशात जाऊन कडी लावून आलं की त्याचा ‘गोल्फ टॉवेल’ होतो. आपल्या गावाने कडी लावायला का शिकू नये, हे मला कधीच कळलेलं नाही. एक तृतीयांश भाग ओला ठेवायचा, बाकी कोरडा : ओल्याने क्लबच्या खाचा पुसायच्या, कोरड्याने पकड. ‘अर्धा तांब्या पुरे’ असं लिहिल्यावर काकांनी त्या ओळीपुढे आपणहून बरोबरची खूण केली.

शेवटचं, ते अराईसाठी. न्यूझीलंडमध्ये उतरताना वापरलेले गोल्फचे बूट आणि क्लब कागदावर जाहीर करावे लागतात. तळव्याला माती सापडली तर अडवतात, जाहीर केलं नसेल तर जागेवर चारशे डॉलर दंड. भाचा आधी मामाकडे चार दिवस राहून पुढे जाणार आहे. आपली काळी माती स्पाइकच्या फटीत बसली की वाळून दगड होते, ती टूथब्रश आणि भरपूर पाणी घेऊनच निघते. म्हणून बूट नळाच्या दिवशी धुवायचे आणि विमानाचं तिकीट त्यानंतरचं काढायचं. आवर्तन काका सांगतील.