प्लॉट विकणारा जेसी फेल

रिंगरोड कुठून जाणार हे ज्याला आधी कळतं, तो गुपचूप जमिनी घेतो आणि पुढच्या निवडणुकीला फ्लेक्सवर 'विकासपुरुष' म्हणून झळकतो. हे बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मॅक्लीन काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जेसी फेलचं, गाव वसवणारा म्हणून होणारं कौतुक सहज पचत नाही. कारण हा बाबा मुळात जमिनीच्या धंद्यातला.

1808 चा जन्म, पेनसिल्व्हेनियातलं क्वेकर (साधेपणा मानणारा एक ख्रिस्ती पंथ) घर. मॅक्लीन काउंटीतल्या ब्लूमिंग्टन गावचा पहिला वकील, पण जीव सगळा जमिनीत. माळरान घ्यायचं, प्लॉट पाडायचे, विकायचे. 1837 च्या मंदीत पार बुडाला, वकिली करून सावरला, आणि परत जमिनीतच शिरला!

1857 मध्ये राज्याला शिक्षक तयार करणारं विद्यापीठ (अशा संस्थेला तेव्हा 'नॉर्मल' म्हणत) काढायचं होतं. जो जास्त देईल, त्याच्याकडे ते जाणार. फेल वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागला, काउंटीच्या पाणथळ जमिनी विकून येणाऱ्या पैशावरही त्याने डोळा ठेवला आणि 1,41,000 डॉलरची बोली उभी करून स्पर्धेतल्या पिओरिया शहराला मागे टाकलं. हमीचा कागद तयार केला अब्राहम लिंकन नावाच्या वकिलाने. (याच लिंकनकडून 1859 मध्ये फेलने छोटं आत्मचरित्र लिहून घेतलं. लिंकनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराला लागेल म्हणून. माणूस पारखायचं कसबही होतं तर.)

आणि विद्यापीठ आलं कुठे? जिथे फेल आणि मंडळींनी 1854 मध्येच प्लॉट पाडून ठेवले होते, तिथेच. पुढे त्या गावाचं नावही विद्यापीठावरूनच पडलं, नॉर्मल.

म्हणजे स्वार्थ होता का? होताच. माझं म्हणणं एवढंच की तो होता म्हणून बाकीचं खोटं ठरत नाही. घरं उभी राहायच्या आधी त्याने त्या उघड्या माळावर हजारो झाडं लावली. प्लॉटच्या खरेदीखतातच दारू विकायची नाही अशी अट घातली. गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल असं म्हणणारा प्लॉटवाला तुम्ही पाहिलाय? गाव पुढे शंभरेक वर्षं कोरडं राहिलं.

मला दारूबंदीचं फारसं प्रेम नाही. पण झाडांपुढे मी हात जोडतो. आपल्याकडे लेआउटच्या नकाशात बाग म्हणून दाखवलेल्या हिरव्या चौकोनात पाच वर्षांनी बिल्डरचंच मंगल कार्यालय उभं असतं, आणि उद्घाटनाला नगराध्यक्ष!